मामांचा कोयता

पनवेलपुढच्या त्या जुन्या राखीव जंगलात मी कित्येक वर्षं रविवारी सकाळी जातोय. खारघरच्या आमच्या सोसायटीत मला ‘पक्षीवाले’ म्हणतात. ते ऐकलं की तीन वर्षांपूर्वीचा श्रावण आठवायचा आणि मी विषय बदलायचो. आता नाही बदलत.

ओढ्याकाठच्या दरडीत तिबोटी खंड्याचं बीळ होतं. चिमणीएवढा पक्षी, पण रंग असे की बघणारा बोलायचा थांबतो. पायथ्याच्या वाडीतले मामा वनखात्यात मजूर. बिळावर त्यांचंच लक्ष. “लांबून बघा, गप बसा,” एवढाच नियम. एकदा ते पायवाटेचं गवत कापायला वर गेले आणि मी मोबाइलवर त्याच पक्ष्याची शीळ लावली. फोटोसाठी. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो समोरच्या फांदीवर आला. चोचीत पिल्लांसाठी आणलेली पाल तशीच. मी शीळ वाजवतच राहिलो, तो पिल्लांकडे, बिळाकडे फिरकलाच नाही. फोटो अप्रतिम आले.

पुढच्या रविवारी बीळ ओसाड. मामा म्हणाले, “माझंच चुकलं. कोयता जास्तीच जवळ चालवला.”

मी मान डोलावली. हो, डोलावली.

त्यानंतर दर पावसाळ्यात मामांनी त्या वाटेवर कोयता नेला नाही. वाकून हातानं गवत उपटायचे. मी ते बघायचो आणि डब्यातली पोळीभाजी त्यांच्यापुढे करायचो.

गेल्या महिन्यात मामांना त्या शिळेचं सांगून टाकलं. ‘पुन्हा येऊ नका’ म्हणाले असते, तर माझं हे जंगल संपलं होतं.

मामा उपटता उपटता थांबले. “तीन वरीस?”

“हो.”

“आनि मी येड्यावानी हातानं उपटतोय!” चिखलाचे हात त्यांनी उलटसुलट करून पाहिले. “तरीच म्हटलं, पोळीला एवढं तूप कशापायी!”

दोघांपैकी कुणीच हसलं नाही. मग त्यांनी वाटेच्या टोकाकडे बोट दाखवलं. “वाका आता. तिथपर्यंत तुमचं. आनि बिळापाशी कोन मोबाइल काढील, त्याला तुमीच सांगायचं, काय होतं ते.”

मी वाकलो. हाकललं नाही, काम दिलं. हे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

परवा बिळापाशी एका मुलीनं शीळ लावायला मोबाइल काढला. मी नको म्हटलं. “पण काका, तुम्हाला कसं माहीत?” तिनं विचारलं.

सगळं सांगितलं. वर पायवाटेवर मामांचा कोयता चालू होता.