समुद्राची पाळ

"हालू नको! अबे हालू नको म्हणतो ना, टांगून ठेवीन पंख्याले!" हनीफसर ओरडत होते आणि मी बाकावर उभा होतो. डोक्याला गमछा, हातात फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा. त्या दिवशी मी ढिवर होतो, तलावात जाळं फेकणारा. जाळं फेकायचं नव्हतं, फेकायच्या बेतात थांबायचं होतं, आणि समोर बसलेल्या अख्ख्या नववीनं मला कागदावर उतरवायचं होतं. तेवढ्यात नाकावर माशी बसली. साधी माशी नव्हती ती, चिमणीएवढी असेल. मी नाक जरासं उडवलं. "हालला!" सर असे गरजले की गोंडपिपरीच्या स्टँडवर चंद्रपूरच्या गाडीत बसलेली माणसं खाली उतरून शाळेकडे बघायला लागली. असं मी आजवर सांगत आलोय आणि आजवर कोणी खोडून काढलेलं नाही. गंमत म्हणजे, हालू नको म्हणून ओरडणारा हा माणूस स्वतः एका जागी दोन श्वास टिकत नव्हता. या बाकाशी वाकून कोणाचा हात धरून रेघ ओढली, की पुढच्या क्षणाला खिडकीत. खिडकीतून व्हरांड्यात. व्हरांड्यातून परत माझ्याजवळ, माझं कोपर वर करायला. कानावर पेन्सिल, पँटची एक बाजू दुमडलेली, दुसरी सुटलेली. पंख्याला टांगायची धमकी ते सगळ्यांना द्यायचे. चित्रकलेच्या त्या खोलीत पंखाच नव्हता.

काही आठवड्यांपूर्वी मंदाचा फोन आला. मंदा आमच्याच वर्गातली, लग्न होऊन गोंडपिपरीतच राहिलेली. म्हणाली, "दिवाकर, सर गेले." मी चंद्रपुरात माझ्या फ्लेक्सच्या दुकानात उभा होतो, मशीनमधून कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बाहेर येत होता. मी विचारलं, "कुठी?"

माझी चूक नव्हती त्यात. सर गेले, हे वाक्य आम्ही शाळेत असल्यापासून रोज ऐकत होतो. सर गेले आरमोरीला, बाजारात बैलांची शिंगं रंगवतात ती पाहायला. सर गेले सिरोंच्याला, नदी पाहायला. सरांचे वडील भांड्यांना कल्हई करत बाजार-बाजार फिरायचे, तेच पाय यांनी घेतले होते. फोनवर मंदाचं नाक ओढणं ऐकू आलं. मशीनमधून तो वाढदिवसवाला पूर्ण बाहेर आला, हात जोडून, हसत, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

मातीला वेळेवर पोचलो. शेवटचा चेहरा पाहून घ्या, असं कोणी म्हणालं, मीही रांगेतून पुढे झालो. पाहिलं आणि घाबरलो. मला ते ओळखूच आले नाहीत. गोरटेला, शांत, सरळ नाकाचा माणूस. सरांचं नाक सरळ होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. ते हालत नव्हते, म्हणून ओळखू येत नव्हते. मनात आलं, पंख्याला टांगायची धमकी दिली तर हालतील. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दुकानात खुर्ची आहे, तीवर गिऱ्हाइकं बसतात, मी येरझारा घालतो.

त्यात मी एक काम अंगावर घेतलं. काम असं. ती चित्रकलेची खोली आधी कोठीघर होती. सर नवीन आले तेव्हा त्यांनी पोषण आहाराच्या तांदळाची पोती एका सकाळी स्वतः उचलून व्हरांड्यात आणून ठेवली आणि दारावर गेरूनं लिहून टाकलं, चित्रकला. विचारायला आलेल्यांना म्हणाले, "तांदूळ कुठीबी शिजते. चित्राले भिंत लागते." ते निवृत्त झाले आणि पोती परत यायला लागली. आधी कोपऱ्यात, मग मागच्या भिंतीला, मग खिडकीखाली. अजून थोडी आली की मुलांना बसायला जागा नाही, आणि मुलं बसली नाहीत की चित्रकला वेळापत्रकात तेवढी उरते. मंदाची मुलगी यंदा एलिमेंटरीच्या परीक्षेला बसतेय, ती पोत्यावर बोर्ड टेकवून चित्र काढते. हेडमास्तर नवीन आहेत, भला माणूस. मंदा त्यांना भेटली तेव्हा म्हणाले, "शाळेत शोकसभा आहे शनिवारी. सरांचं मोठं चित्र त्या मागच्या भिंतीवर लावा. गेलेल्या माणसासमोर कोणी पोती रचत नाही. मलाही सांगता येते मंग, का ही सरांची खोली हाये." मंदानं मला सांगितलं. मी छाती ठोकून म्हणालो, "सरांचा चेहरा? डोळे मिटून काढतो!"

डोळे मिटले. काही दिसलं नाही.

फोटो शोधायला गेलो तर तोही नाही. शाळेच्या प्रत्येक ग्रुप फोटोत सर आहेत, म्हणजे त्यांचा धूर आहे. फोटोग्राफर "रेडी" म्हणाला की यांना कोणाची तरी कॉलर नीट करायची आठवण व्हायची. एका फोटोत नुसतं कोपर, एकात पाठ. आमच्या बॅचच्या फोटोत खाली छापलंय, खुर्चीवर डावीकडून तिसरे श्री. हनीफ सर, आणि तिसरी खुर्ची रिकामी. आधार कार्डावरचा मोठा करून पाहिला, तर चिखलात पडलेला बटाटा. आधार कार्डावर कोणीच स्वतःसारखं दिसत नाही म्हणा. मी तर त्यात भंगार चोरून नेताना पकडलेला वाटतो.

मग काढायला बसलो. म्हणजे उभा राहिलो. पहिलं चित्र झालं, बायकोनं पाहिलं आणि विचारलं, "हे कोण, भावी सरपंच?" हाताला वर्षानुवर्षं वाढदिवसाच्या फ्लेक्सची सवय. कोणाचाही चेहरा काढा, तो हसून हात जोडायला लागतो. दुसरं ठाणेदारासारखं झालं. तिसरं माझ्या सासऱ्यासारखं, ते मी उलटं करून ठेवलं. आठवायला जावं तर सरांची हालचाल आठवते, चेहरा नाही. मोपेडवरून जाताना दोन्ही पाय बाहेर फेकायची तऱ्हा आठवते. त्याच मोपेडवर त्यांना कोठारीच्या जंगलात वाघ आडवा आला होता, रस्त्याच्या मधोमध बसलेला. दुसरा कोणी असता तर गाडी फेकून झाडावर गेला असता. सरांनी खिशातून कागद काढला आणि वाघावर ओरडले, "हालू नको बे!" वाघ बसून राहिला. मी तिथं नव्हतो. पण कागद मी डोळ्यांनी पाहिलाय. त्यावर फक्त शेपूट होतं. सर म्हणाले, "बाकीचा निंगून गेला ना बाप्पा. काहीच शिस्त नाई त्याले."

आणि आठवते ती एलिमेंटरीची परीक्षा. तिच्यात एक पेपर असतो स्मरणचित्राचा. समोर वस्तू नसते, विषय देतात आणि पाहिलेलं आठवून काढायचं असतं. सरांनी आमच्याकडून सगळं घोटून घेतलं होतं. बाजार, धानाची रोवणी, मंडईची जत्रा, विहिरीवरच्या बाया, जाळं फेकणारा ढिवर. आणि विषय आला समुद्रकिनारा. हॉलभर पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. समुद्र कोणी पाहिलाय? आमच्याकडं पाणी म्हटलं की तलाव. पण सरांची शिकवण अशी, की कागद कोरा ठेवायचा नाही. मी काढला समुद्र. मोठाच्या मोठा काढला, तीन तलाव मावतील एवढा. आणि एवढं पाणी थांबायला हवं म्हणून त्याला चांगली उंच पाळ घातली, तलावाला मातीचा बांध असतो तशी. पाळीवर मोहाचं झाड, झाडाखाली बैल. मग वाटलं, पाणी धानाला सोडायचं कुठून? म्हणून पाळीच्या पोटात दगडी मोरी काढली, तिला आमच्याकडं तुडूम म्हणतात. शेवटी गमछावाला ढिवर टाकला, तो तर पाठच होता.

बाहेर आलो तर सर फाटकापाशी घिरट्या घालत होते. प्रत्येकाला विचारत होते काय काढलं. मंदानं समुद्रात कमळं काढली होती आणि म्हशी बसवल्या होत्या. पण पाळ सगळ्यांनी घातली होती. चंद्रपूरच्या केंद्रावरचा एक शहाणा मुलगा आमचं ऐकून खो-खो हसला. म्हणाला, समुद्राला पाळ नसते. मी सरांकडं पाहिलं. "सर, असते ना जी समुद्राले पाळ?"

सर जागच्या जागी थांबले. एवढे थांबलेले मी त्यांना जिवंतपणी फक्त तेव्हाच पाहिलं. मग म्हणाले, "असन त. नाईतर येवढं पाणी थांबन कसं?" आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुडूम कोण्या अंगाले काढलं?" तेव्हा मला कळलं, की समुद्र सरांनीही पाहिलेला नाही.

निकालात मला सी ग्रेड मिळाली. मी रडायला लागलो तर म्हणाले, "अबे, समुद्र काढला, सी भेटला. रडून काऊन राह्यला? इंग्रजीवाल्या मास्तरले विचार." आणि गेले. कुठं गेले, माहीत नाही.

पुढं फ्लेक्सचं मशीन शिकायला मी मुंबईला गेलो आणि पहिल्या सुट्टीत समुद्र पाहिला. वाळूतूनच सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, पाळ नाई जी." पलीकडं मोपेडचा आवाज. सर ओरडले, "नीट पाय!" मी नीट पाहिलं. "नाई जी, पाणी न् आभाळ, बस." सर म्हणाले, "दूर असन बे. येवढी मोठी चीज हाये, पाळबी दूर असन." मागं बसलेल्या चाचींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज आला, "किसका फोन है?" सर त्यांना म्हणाले, "दिवाकर हाये. पाळ सापडून नाई राह्यली त्याले." मी म्हटलं, "तुम्हीच या, दाखवतो." "येतो ना. पावसाळा जाऊ दे." पुढं दर वर्षी एक पावसाळा गेला. सिरोंचा झालं, भामरागड झालं, आरमोरीच्या फेऱ्या तर सुरूच होत्या. पश्चिमेला मात्र नागपूरच्या पलीकडं त्यांची मोपेड वळली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी चेहऱ्याचा नाद सोडला. मोठा कागद भिंतीला ठोकला आणि हात म्हणेल तसा जाऊ दिला, येरझारा घालत, पळता पळता रेघ ओढत. सर पाठमोरे आले. एक पाय वर, चपला हातात, पँटची एक बाजू दुमडलेली, कानावर पेन्सिल. समोर पाणी, पार कागदाच्या वरच्या काठापर्यंत नुसतं पाणी. आणि सर त्याच्याकडं निघालेले.

शनिवारी मुलांनी मागच्या भिंतीची पोती व्हरांड्यात ओढली आणि चित्र लावलं. हेडमास्तर लांबून पाहून आले, जवळून पाहून आले. त्यांच्या हातात हार होता, तो कुठं घालावा कळेना. "दिवाकरभाऊ, चेहरा कुठी हाये?"

"निंगून गेला," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. म्हणाले, "माझी अडचण समजून घ्या. हे कोणाचंही चित्र होऊ शकते. उद्या नवीन माणूस येईल, म्हणेल समुद्राचं चित्र हाये, ठेवा समोर पोती. मी काय सांगू?" मंदा माझ्याकडं बघत होती. तिची मुलगी पोत्याच्या जागी सतरंजी टाकायला थांबली होती, अर्धी उलगडलेली सतरंजी हातात धरून. मी कागदाचा सरळ असलेला कोपरा पुन्हा सरळ केला. हेडमास्तर शेवटी चाचींकडं वळले. त्या दाराजवळच्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या होत्या. "चाची, तुम्हीच सांगा. हे सर हायेत का?"

चाची उठल्या. चित्रापाशी गेल्या, चष्मा कपाळावर केला, दुमडलेल्या पँटपाशी बोट नेलं, कागदाला लावलं नाही. मग नजर वर नेत नेत पाण्याच्या टोकापर्यंत गेल्या. खोलीत कोणी हालत नव्हतं...

"तेच हायेत," त्या म्हणाल्या. "पाळ तेवढी राह्यली."