प्रणालीचा गेटपास

गेटपासवर हेडबाईंची सही होती. कारण लिहिलेलं, 'बरं नाही.' नववीतली प्रणाली दप्तर घेऊन माझ्यासमोर उभी. तिच्या वहीत 'मला जगायचं नाही' असं लिहिलेलं वर्गबाईंना सापडलं होतं. स्टाफरूममध्ये चहा देताना मी ते ऐकलं होतं.

मी शाळेत मावशी. गेट माझ्याकडे. गेटपास म्हणजे शाळा सुटायच्या आधी मूल बाहेर सोडायची चिठ्ठी. चिठ्ठी दिसली की गेट उघडायचं.

"घरी कोण आहे गं?"

"कोणी नाही. मम्मी फर्स्ट शिफ्टला, पप्पा गावी. चावी आहे माझ्याकडे."

मी गेट उघडलं नाही. तिला माझ्या स्टुलावर बसवलं आणि सरळ विचारलं, "मरावंसं वाटतंय का?"

"हो," म्हणाली. मग रडली. मी तिचा हात धरून बसले. थोड्या वेळाने वर्गबाईंना तिच्याजवळ बसवलं आणि ऑफिसात गेले.

"मावशी, असं तोंडावर विचारतात का?" हेडबाई म्हणाल्या. "नाही ते डोक्यात भरवाल."

"डोक्यात होतं तेच वहीत आलंय, बाई. आणि घर रिकामं आहे."

"आईला तीन फोन केले. उचलत नाही. मेसेज टाकलाय."

"चाकणला तिच्या कंपनीत फोन गेटवर जमा करतात. मेसेज ती सुटल्यावर वाचणार. टाइम ऑफिसला लावा."

टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी असते. लाइनवरच्या बाईला निरोप तिथूनच जातो. माझी सून त्याच कंपनीत, म्हणून नंबर होता. बाई चिडल्या, पण फोन लावला.

तासाभरात आई युनिफॉर्मवरच आली. आल्या आल्या सुरू, "काय कमी केलं गं तुला?"

"ताई, आज ओरडायचं नाही," मी म्हटलं. "जवळ घे आधी."

तिने घेतलं. हेडबाईंनी स्वतःची गाडी काढून दोघींना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी मला येऊन म्हणाल्या, "विचारल्याने डोक्यात भरत नाही म्हणे. एकटं सोडणं वाईट." सॉरी म्हणाल्या नाहीत. चालतंय.

प्रणाली महिन्याने शाळेत आली. औषध चालू आहे, डॉक्टरांकडे जाते. आता दहावीत आहे आणि रोज उशिरा येते. मी रोज ओरडते. बरं वाटतं.

शाळेने नियम टाईप केलाय: असं मूल गेटपासवर सोडायचं नाही, घरचं माणूस येईपर्यंत कोणीतरी जवळ बसायचं. वाचून सही करा म्हणाले. केली. मी चौथी शिकले, तेवढं येतं.