हलक्या माणसाचं शीड

हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, एक कण दाताखाली धरायचा आणि "थूत्!" करून बाजूला थुंकायचं. सांगलीच्या बाजारात हळदीची दलाली करण्यात उभा जन्म गेल्यामुळे चाचांना ही सवय जडली होती. पुढे पुढे त्यांनी ती जगातल्या सगळ्याच गोष्टींना लावली. स्टँडवरचा चहा, एसटीची सीट, लग्नातला मठ्ठा, माझं नवं जाकीट. वरचा ओठ डाव्या बाजूला उचलायचा, नाकाला सुरकुत्या पाडायच्या आणि म्हणायचं, "थूत्! घाण हाय ही."

असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. आपण त्याला खडूस म्हणतो आणि दोन हात लांब बसतो. मीही पहिले काही रविवार लांबच बसलो.

मी तेव्हा पाचगणीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. घाटाखालच्या धरणावर काही हौशी मंडळींनी शिडाच्या होड्यांचा क्लब काढला होता. सैन्यात होड्या चालवून आलेले एक सुभेदार शिकवायचे. साताऱ्यात प्लॉट पाडून विकणारे एक गृहस्थ अध्यक्ष होते. आणि दर रविवारी सांगलीहून पहिली गाडी पकडून, पिशवीत भाकरी बांधून, हे हळदवाले चाचा यायचे. सगळे त्यांना चाचाच म्हणत. पन्नाशी ओलांडलेली, दाढी पांढरी, बोटं कायमची पिवळी, आणि वजन ओल्या कपड्यांसकट पन्नास किलो.

उतरल्या उतरल्या ते काठावरच्या थर्माकोलच्या ताटल्या, कोंबडीची हाडं आणि दारूच्या बाटल्या ओलांडत पाण्यापर्यंत जायचे. "आवं सर, जनावरं तरी पाणी प्यायच्या जागी हागत न्हाईत," म्हणायचे. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस खडूस नाही. आपल्याला ज्याची शिसारी यायला हवी आणि येत नाही, ती याला येते.

तरुणपणी त्यांना कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारायचं होतं. तिथल्या दांडग्या पोरांनी त्यांना एकदाही होडीत घेतलं नाही. "तू घाटावर बस आन् चपला सांभाळ," म्हणायचे. चाचांनी चपला सांभाळल्या. म्हणून धरणावर आल्यावर त्यांचं एकच म्हणणं होतं: "होडीत दुसरा मानूस आला की पयल्यांदा माझ्या दंडाकडं बघतो. मला एकट्याची होडी पायजे. शर्यतीची."

पण एकट्याच्या शर्यतीच्या होडीत अंगाच्या वजनाला फार किंमत असते. वारा शिडात भरला की होडी एका अंगाला कलते. मग माणसाने दुसऱ्या काठावर बसून, पाय आत अडकवून, सगळं अंग पाण्यावर बाहेर झोकायचं. तो भार कमी पडला की होडी उलटते. क्लबच्या होड्यांना मोठी शिडं होती, आणि चाचा त्यातून दर रविवारी पाण्यात पडत.

मग आमचा शोध सुरू झाला. तासगावला एकाच्या बेदाण्याच्या शेडमध्ये जुनी लाकडी होडी पडून होती. आम्ही गेलो. चाचांनी ती बोटाच्या पेरांनी वाजवली, एका टोकाने उचलून पाहिली आणि थुंकले. "ही होडी न्हाई, म्हैस हाय. ही माझ्यानं पाण्यापोतर जायची न्हाई." नंतर क्लबात लहान पोरांसाठी असते ती डब्यासारखी होडी आली. अध्यक्ष म्हणाले, "चाचा, ही घ्या की. तुमच्याच मापाची." चाचा तीत बसले. गुडघे कानाला लागले. काठावर हशा पिकला. चाचा शांतपणे उतरले, पँट झटकली आणि भाकरी खायला झाडाखाली जाऊन बसले.

अध्यक्षांना सल्ले देण्याची भारी हौस. "तूप खा, केळी खा, रात्री भात खा," हे सांगून झालं. मग एक दिवस त्यांनी युक्ती काढली. लोकरीचे तीन स्वेटर घालायचे, ते पाण्यात भिजवायचे आणि वर जाकीट चढवायचं. वजन आपोआप वाढतं. "पूर्वी मोठमोठे खेळाडू असंच करायचे," ते म्हणाले. सुभेदार नको नको म्हणत होते. पण चाचांना होडी उलटू द्यायची नव्हती. त्यांनी स्वेटर घातले.

घाटाकडून वाऱ्याचा एक झोत आला आणि होडी गपकन कलंडली. चाचा शिडाखाली गेले. दर वेळी ते लगेच वर यायचे, या वेळी आले नाहीत. सुभेदारांनी इंजिनाची होडी सोडली, मी तिच्यात उडी मारली. शीड उचललं तेव्हा त्या ओल्या लोकरीने त्यांना खाली ओढून धरलं होतं. नाक तेवढं वर येत होतं आणि परत बुडत होतं. आम्ही दोघांनी मिळून त्यांना आत ओढलं. काठावर आणल्यावर ते पालथे पडून पाणी ओकत राहिले.

अध्यक्ष हातात कांदाभजीचा कागद घेऊन आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, "अजून एक स्वेटर घालायला पाहिजे होता."

दोघंतिघं हसले. चाचांनी मान वर करून त्या माणसाकडे पाहिलं. थुंकले नाहीत. ते न थुंकणं मला फार भयंकर वाटलं.

त्यानंतर ते दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते मुंबईला शिडाच्या होड्यांची शर्यत बघून. "सर, होडी बदलायचीच न्हाई," ते उतरता उतरताच म्हणाले. "हीच होडी. डोलकाठीचा खालचा तुकडा आखूड लावायचा आन् शीड ल्हान. तीन मापं मिळत्यात. तितं पोरी चालवत हुत्या, माझ्याएवढ्याच अंगाच्या. वाऱ्यात नुसत्या पळत हुत्या गड्या!" 'गड्या' हे मला उद्देशून पहिल्यांदाच.

सगळ्यात लहान शीड त्यांनी उसनं आणून चालवून बघितलं आणि नाकारलं. "वारा पडला की ह्ये झोपतंय. मोठं घेतलं तर मी पान्यात. मधलं घ्यायचं." क्लबची एक जुनी होडी विकत घेतली आणि तिला ते शीड घेतलं.

"बायकांचं शीड!" अध्यक्ष म्हणाले.

"बायका शान्या हायत म्हनायचं," चाचा म्हणाले.

क्लबच्या वार्षिक शर्यतीला वारा असा सुटला की निम्म्या होड्या पहिल्या वळणावरच उलट्या झाल्या. चाचांची होडी मात्र घट्ट होती. पाठ पाण्याला टेकेल इतके बाहेर झोकून ते एकेकाला मागे टाकत होते. पुढे फक्त अध्यक्ष राहिले. खोटं कशाला बोलू, तो माणूस होडी उत्तम चालवायचा, आणि त्याच्या नव्वद किलोंना तो वारा मानवणाराच होता. तो पहिला आला, चाचा दुसरे.

मला वाटलं, आता तरी हे संपलं. बक्षीस देताना अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि चाचांचं नाव पुकारलं. चाचा पुढे झाले. अध्यक्षांनी त्यांना बगलेत हात घालून उचललं आणि नातवाला घेतात तसं कडेवर घेतलं. "हा बघा आमचा दोन नंबर! वजन काहीच नाही हो!" लोकांनी मोबाइल वर केले. बायका हसल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. पांढऱ्या दाढीचा, तीन मुलींची लग्नं केलेला माणूस, पाय अधांतरी.

"खाली ठेव," चाचा म्हणाले. इतक्या हळू, की माईकजवळ होते म्हणून ऐकू आलं.

अध्यक्ष हसतच होते. सुभेदार पुढे झाले आणि सैन्यातल्या आवाजात म्हणाले, "उतरवा त्यांना." मग उतरवलं. चाचांनी बक्षिसाचा पेला टेबलावरच सोडला. नळावर गेले, बगला, हात, मान चोळून चोळून धुतली. मी टॉवेल धरून उभा होतो. "घाण निघंना सर," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी टेम्पो आणून ते होडी सांगलीला घेऊन गेले. मीही क्लबात पुन्हा पाऊल टाकलं नाही. त्या फोटोवरून लोक पुढे कितीतरी महिने हसत होते, म्हणे.

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीचा फोन आला. दुकानातच छातीत दुखलं आणि गेले.

त्याआधीच्या थंडीत मी एकदा सांगलीला गेलो होतो. त्यांनी घाटावर बोलावलं. त्यांच्या बेगम डबा घेऊन आल्या होत्या, आम्ही पायरीवर बसून खिमा-रोटी खाल्ली. मग चाचा म्हणाले, "वारा आला," आणि उठले. होडी एकट्यानेच पाण्यात लोटली, शीड ओढून घेतलं. संथ कृष्णेवर ते पांढरं शीड पलीकडच्या काठाकडे गेलं, वळलं, पुलाच्या बाजूला निघालं. घाटावर धुणं धुणाऱ्या दोघीतिघी होत्या, त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"आता येत्यात का बघा," बेगम हसून म्हणाल्या. "तुमी जावा सर, तुमची गाडी चुकंल."

मी थोडा वेळ थांबलो. मोठ्याने हाक मारली, हात हलवला. होडी पुलाखालून पलीकडे गेली होती, आणि त्यांचं सगळं अंग पाण्यावर बाहेर झुकलेलं होतं. त्यांनी मागे पाहिलं नाही. मी पायऱ्या चढून स्टँडकडे निघालो.