बोलण्याचा नियम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्यांच्यासमोर घडलं त्यांनी पाहिलं, पण आपण काय पाहतोय ते त्यांना कळलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. आता आत ठेवणं होत नाही, एवढंच.

मी टेबलावर खेळायचे खेळ तयार करतो. सोंगट्यांचे नाही — गोष्टीचे. चार-पाच जण बसतात, प्रत्येकजण एक पात्र घेतो, एकजण गोष्ट पुढे नेतो. पात्राला कौशल्यं असतात: तलवार, चढाई, औषध, बोलणं. प्रत्येक कौशल्याला अंक. फासे टाकायचे, अंकाच्या आत पडले की जमलं. तुम्हाला स्वतःला काहीच यावं लागत नाही. स्टुलावर चढताना पाय लटपटणारा माणूस इथे माहूरचा कडा चढतो. त्यासाठीच तर लोक खेळतात ना?

हल्ली मी लातूरला असतो. माझा खेळ छापून आला, बऱ्यापैकी चालला. त्यातल्या एका नियमाचं फार कौतुक होतं — बोलण्याला फासे नाहीत. पात्राला जे बोलायचं ते खेळणाऱ्याने स्वतः बोलून दाखवायचं. लोक म्हणतात, यानं खेळात जीव आला. सुचलं कसं, असं विचारलं की मी काहीतरी ठोकून देतो.

कॉलेजात असताना नांदेडला आम्ही मित्र रविवारी दुपारी खेळायचो, साजिदच्या अब्बांच्या दुकानाच्या माळ्यावर. गोष्ट पुढे न्यायचो मी. खाली गाड्यांची सीट कव्हरं शिवली जायची. मी इस्लापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. शहरात मला पहिल्यांदा आपल्याजवळ बसवून घेतलं ते साजिदनं. त्याची जीभ अडायची. एखाद्या अक्षरावर अडकला की मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. वर्गात हजेरीला तो नुसता हात वर करायचा.

आणि त्यानं पात्र कुठलं घेतलं? उदगीरचा धान्याचा सौदागर. सगळे अंक बोलण्यावर लावलेले. 'पटवतो' एवढंच कसंबसं म्हणायचा आणि फासे टाकायचा. त्याचा सौदागर काय बोलला ते मग मी रचून सांगायचो. मी आठवडाभर डोकं खाजवून एखादा खलनायक उभा करायचा, आणि साजिदच्या सौदागरानं त्याला गोड बोलून, चहा पाजून घरी पाठवायचं. पोरं टाळ्या पिटायची. साजिद हसायचा — माळ्याबाहेर तो तसा हसलेला मी कधी पाहिला नाही.

मला ते सहन होईना. खेळ माझा, नियम माझे, शब्दसुद्धा माझे — आणि टाळ्या त्याला? हेवा होता तो. दुसरं काही नाही.

म्हणून मी नियम बदलला. फाशांनी बोलणं खोटं वाटतं, म्हणालो, आपण स्वतः बोलू. सगळ्यांना पटलं. पण तो नियम मी खेळासाठी केलाच नव्हता. साजिदचं तोंड बंद करण्यासाठी केला होता. झालं. सांगून टाकलं — नाही, अजून आहे.

साजिद भांडला नाही. जिन्यात त्यानं मला एकट्याला गाठलं. थांबत, अडखळत म्हणाला, "माझा सौदागर रुमालाखाली बोलंल. बैलबाजारात बोटं धरून सौदा करतात ना, तसा. चालंल का रे?"

आमच्या बापानं बैलजोडी तशीच घेतली होती. रुमालाखाली बोटं दाबायची, शब्द न काढता भाव ठरतो. इतकं सुरेख कौशल्य मला जन्मात सुचलं नसतं, हे मला तिथेच, त्या पायरीवर कळलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "नियम सगळ्यांला सारखा."

त्या रविवारी मी मुद्दाम गोष्टीतला एक किल्लेदार त्याच्या सौदागरासमोर आणला. साजिदनं 'हुजूर' म्हणायला सुरुवात केली आणि 'हु'वर अडकला. मान ताठ, डोळे मिटलेले. पोरं खाली बघायला लागली. मला थांबता येत नव्हतं का? फासे माझ्याच हातात होते. त्याच्यापुढे सरकवायचे, बस्स. मी म्हणालो, "सौदागर गप्प राहिला. किल्लेदारानं त्याला हाकलून दिलं. पुढचा कोण?"

त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं. ते फक्त आम्हा दोघांना समजलं होतं.

पुढच्या खेपेला तो वर आलाच नाही. अब्बांशेजारी मशीनवर बसला. पोरांना वाटलं, धंद्याला लागला. आणि आम्ही? आम्ही त्याच्याच माळ्यावर खेळत राहिलो, कॉलेज संपेपर्यंत. दर रविवारी चहा वर यायचा, त्यानं पाठवलेला. मी प्यायचो. आम्ही हसलो की खालचं मशीन जरा थांबायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं. अजून ते ऐकू येतं मला.

आता खेळाची नवी आवृत्ती निघते आहे. तो नियम काढायला बसलो की हात चालेना — का काढला, हे सांगावं लागलं असतं ना? गेल्या महिन्यात नांदेडला गेलो. दुकानात साजिद मशीनवर होता, केस पिकलेले. त्यानं मला ओळखलं. स्टूल पुढे केलं, पोऱ्याला बोटांनी खूण करून चहा मागवला.

मी बसलो. चहा प्यालो. गाडीची वेळ झाली म्हणालो आणि निघालो. गाडीला बराच अवकाश होता. नियम तसाच छपाईला गेला आहे.