कल्ले झकास

माझा धाकटा भाऊ केस कापतो. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मधल्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि मागे स्वयंपाकघर, एवढाच आमचा पसारा. नवरा गेल्यावर मी इथे आले ती इथलीच झाले. दुकानात दोन खुर्च्या आहेत. एकीचा पाय डुगडुगतो, म्हणून तिच्यावर माणसांऐवजी टॉवेल बसतात. गिऱ्हाइकं धाकट्याला कल्लेवाले म्हणतात. खरं नाव निम्म्यांना ठाऊक नसेल. कानापासून पार जबड्यापर्यंत उतरलेले, रोज घोटून आकारात ठेवलेले कल्ले होते त्याचे. गिऱ्हाईक उठलं की आरशात बघून त्यांच्यावरून बोट फिरवायचा. या वयात एवढा नखरा कशाला, असं मी रोज म्हणायचे. तो हसून सोडून द्यायचा.

माझी भावजय छातीच्या दुखण्याने गेली. पोर तेव्हा लांब शिकायला होती, परीक्षा तोंडावर आली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी धाकटा सांगायचा, आई ठीक आहे, आत्ताच डोळा लागलाय तिचा. इकडे आईला पलंगापासून मोरीपर्यंत जाताना धाप लागत होती. पोरीला बोलावून घे, असं मी कानीकपाळी ओरडत होते. तर म्हणे, तिच्या जिवाला उगाच घोर कशाला. पोर आली ती आईला पोहोचवायलाच. रडली नाही, भांडली नाही. बापाशी बोलायची तेवढी थांबली. ताट वाढलं की जेवायची, विचारलं तर हो-नाही करायची. कडाकडा भांडली असती तर परवडलं असतं.

पुढे तिला दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली. जाताना एक काचेची टाकी आमच्या गळ्यात बांधून गेली. तिथे राहायच्या जागेत प्राणी ठेवू देत नाहीत म्हणाली. टाकीत ॲक्सोलॉटल. हे नाव घेताना माझी जीभ आजही अडखळते. धड मासा नाही, धड पाल नाही. फिकट गुलाबी अंग, चार किरकोळ पाय, या कानापासून त्या कानापर्यंत हसरं तोंड, आणि कान तरी कुठले, त्या जागी दोन्हीकडे तीन-तीन लाल पिसं. दात म्हणून दिसत नव्हते, त्यामुळे नाव बोळक्या. काय हे ध्यान, मी म्हटलं. ती पिसं म्हणजे त्याचे कल्ले, त्यांनीच तो पाण्यात श्वास घेतो, असं पोरीने समजावलं. धाकटा पटकन म्हणाला की मग हा आमच्याच घराण्यातला. पोर गालातल्या गालात हसली. आई गेल्यापासून या घरात ती पहिल्यांदा हसली होती, आणि धाकट्याने ते पाहिलं.

पाणी गार ठेवायचं, नळाचं पाणी मुरवून मगच घालायचं, आणि पाण्यात दुसरं काही म्हणजे काही टाकायचं नाही, एवढं तिने बजावून सांगितलं. मग रविवारचे फोन परत सुरू झाले. धाकट्याचे हात साबणाचे असायचे म्हणून तो फोन आरशाखाली उभा करून मोठ्या आवाजावर लावायचा. पोर विचारायची, "कल्ले कसे आहेत?" हा म्हणायचा, "कल्ले झकास." मग बोळक्याने काय खाल्लं, कुठे लपला, पाणी किती गार आहे. त्याच्या आडून कधी, जेवलात का बाबा, एवढंही यायचं. हे संपूर्ण बोलणं त्या सहा पिसांच्या जिवावर चाललं होतं. ते मला कळत होतं, तर त्याला कळत नसेल?

म्हणून तर तो बोळक्यापायी वेडा झाला होता. माझ्या फ्रिजमध्ये भाजीला जागा नाही, तिथे पाणी गोठवलेल्या बाटल्या. उन्हाळ्यात एक टाकीत तरंगती, बाकीच्या रांगेत. नाकातले केस उपटायचा चिमटा वेगळा काढून त्याने गांडुळं भरवायला ठेवला. दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाला तोंडाला फेस लावून तसंच सोडून हा बोळक्याला बघायला जायचा. बायकोचे असे लाड केले असतेस तर, असं एकदा माझ्या तोंडून निघून गेलं. तो टाकीतली बाटली बदलायला निघून गेला.

उकाड्याच्या दिवसांत पाणी गढूळ व्हायला लागलं आणि एका कल्ल्यावर पांढरा कापूस धरला. बुरशी होती ती. धाकटा म्हणाला, कल्ले पिकले की काय याचे, कलप लावू या. विनोद केला, पण चेहरा उतरला होता. मी म्हटलं, पोरीला फोन लाव, ती सांगेल काय करायचं ते. तर तोंड वर करून तेच वाक्य. तिच्या जिवाला उगाच घोर कशाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या या उगाचनेच एकदा घर बसलंय, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. त्याने पाठ फिरवली आणि दुकानातून तुरटीचा खडा घेऊन आला.

आता त्याच्या बाजूने बघायचं तर आयुष्यभर त्याने हेच केलेलं. कुणाची हनुवटी कापली, फिरव तुरटी. रक्त थांबतं, जखम चिघळत नाही. पाणी गढूळ आलं, फिरव तुरटी. गाळ खाली बसतो. इथे पाणीही गढूळ आणि जखमही कल्ल्याचीच. पण पोरीने काही टाकू नका म्हटलंय ना, मी विचारलं. तो म्हणाला, तुरटी म्हणजे काही थोडंच आहे, ताई, तुरटी ती तुरटी. दाढीनंतर गालावर फिरवतो तशा हलक्या हाताने त्याने तो खडा पाण्यात फिरवला. पाणी काचेसारखं निवळलं. धाकटा खूश. मीही म्हटलं, चला, सुटलो.

कुठले सुटतोय. बोळक्याची पिसं आक्रसायला लागली. टोकं आधी करडी झाली, मग गळाली. शेपटीचं टोक वळून राहायला लागलं, समोर धरलेलं गांडूळ तो बघेना. सारखा वर यायचा, तोंडाने हवेचा एक घोट घ्यायचा आणि दमून तळाशी जायचा. पाणी पुन्हा जरा धुरकट झालं की धाकटा पुन्हा तुरटी फिरवायचा. असं धापा टाकणं मी या घरात आधी पाहिलं होतं. मला तिथे उभं राहवायचं नाही.

रविवारी फोन आला. कल्ले कसे आहेत? मी दारातून बघत होते. धाकट्याने आरशात बघून साबणाचा हात स्वतःच्या कल्ल्यांवरून फिरवला आणि म्हणाला, "कल्ले झकास." फोन ठेवल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. तर म्हणतो, खोटं कुठे बोललो, कल्ले झकासच आहेत. कुणाचे ते तिने कुठे विचारलं? यावर हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी, मला कळेना. पुढच्या रविवारीही तसंच. पोरीने मात्र बोळक्याने काय खाल्लं ते न विचारताच फोन ठेवला.

त्यानंतर एका सकाळी मी चहा घेऊन पुढे गेले आणि बघते तर काय. धाकट्याने कल्ले उतरवले होते, दोन्हीकडचे. गाल पांढरेफटक दिसत होते, चेहरा कुणा परक्याचाच वाटत होता. बोळक्याच्या मानेशी आता नुसते खुंट उरले होते. रविवार नव्हता, तरी त्याने फोन लावून आरशाखाली उभा केला.

पोरीने घाबरून विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "कल्ले गेले."

मग ती म्हणाली, "कुणाचे, बाबा? तुमचे की त्याचे?"

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. फोनवर दिसत नसलं तरी, त्याचा हात केव्हा स्वतःच्या कल्ल्यांवर जातो हे ती जन्मापासून बघत आली होती.

"दोघांचे," तो म्हणाला. मग तुरटीचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "आईच्या वेळीही असंच केलंत?"

"हो," धाकटा म्हणाला. "असंच केलं."

दुसऱ्या दिवशी ती झाकणाचा डबा घेऊन आली. बापाला पाहून क्षणभर थबकली, त्या उघड्या गालांकडे बघत राहिली. पण हात लावला नाही. बोळक्याला डब्यातल्या गार पाण्यात ठेवलं आणि निघाली. धाकट्याने गोठलेली बाटली फडक्यात गुंडाळून दिली, ती तेवढी घेतली. मी बसपर्यंत गेले. तुझ्या जागेत प्राणी चालत नाहीत ना, मी विचारलं. ती डब्याकडे बघत म्हणाली, "मी स्वतंत्र खोली केव्हाच घेतली, आत्या. बाबांशी बोलायला काहीतरी हवं होतं, म्हणून याला इथे ठेवला होता."

मला काही पोटात ठेवता येत नाही. घरी येऊन मी ते धाकट्याला सांगून टाकलं. तो टॉवेल पिळत होता. पिळून कोरडा झाला तरी पिळत राहिला.

तिकडे प्राण्यांच्या डॉक्टरने बोळक्याला वाचवलं. या जातीचे कल्ले तुटले तरी परत उगवतात म्हणे. फोटो आला तो माझ्या फोनवर. धाकट्याने चष्मा लावून तो मोठा करून पाहिला. चांगले आलेत, म्हणाला, डावीकडे जरा विरळ आहेत. मग हळूच विचारलं की सोबत काही लिहिलंय का. नव्हतं लिहिलं. तिचा फोन येत नाही, तरी रविवारी तो अजून फोन आरशाखाली उभा करतो आणि कामाला लागतो. बाटल्या अजून माझ्या फ्रिजमध्ये आहेत, त्या मी काढायला गेले की ओरडतो.

स्वतःचे कल्ले मात्र वाढू देत नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिला वस्तरा स्वतःच्या कानापाशी लावतो. आता पुरे की, ठेव परत, असं मी परवा म्हटलं. गिऱ्हाइकांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

"तिने विचारलं की ठेवीन," तो म्हणाला, आणि दुसऱ्या गालाला साबण लावला.