हजार पटीचा आयपीस

"हे काय आहे?" कांतीशेठनी विचारलं. माझं पत्रक त्यांनी दोन बोटांत धरलं होतं, मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसं.

समोर गिऱ्हाईक बसलेलं. फर्दापूरला लॉज चालवणारे रशीदभाई आणि त्यांची मोठी बहीण नसरीन आपा. पाहुण्यांना तारे दाखवायला त्यांनी आमच्याकडचीच दुर्बीण आधी नेली होती, आता चित्र आणखी मोठं दिसायला हवं होतं. त्यांना लावून दाखवायला शेठनी तशाच दुर्बिणीचा नवा बॉक्स उघडला आणि दुर्बिणीच्या आधी पत्रक बाहेर आलं. मथळा होता, 'बॉक्सवरच्या पटींना फसू नका!!!' उद्गारचिन्हं तीन. आमच्या घरी पेपर एक दिवसाआड यायचा, पत्रकं मात्र रोज. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, नळाला न येणाऱ्या पाण्याविरुद्ध. आईबाबा लिहायचे, मी घड्या घालायचे. फिजिक्समध्ये पदवी घेऊन औरंगपुऱ्यातल्या या चष्म्यांच्या दुकानात दुर्बिणीच्या काउंटरवर लागले, तेव्हा लिहायची पाळी माझी आली.

"किती बॉक्समध्ये घातलंस?" शेठनी विचारलं.

"सगळ्या."

रशीदभाई हसले. शेठ हसले नाहीत.

आता थोडं धंद्याचं सांगते. दुर्बिणीतला आरसा प्रकाश गोळा करतो. आयपीस म्हणजे आपण जिथं डोळा लावतो ती बोटभर नळी. ती चित्र मोठं करते. आयपीसवर मिलिमीटरचा आकडा असतो आणि तो उलटा चालतो. आकडा लहान, चित्र मोठं. रशीदभाईंच्या दुर्बिणीला नऊचा आयपीस लावला तर शंभर पट, चारचा लावला तर सव्वादोनशे. पुढं बार्लो नावाचं जोडभिंग घालून तेच तिप्पट करता येतं. बॉक्सवर छापतात तो आकडा असा फुगवलेला असतो.

"समोरच्या लॉजवाल्यानं बोर्ड लावलाय," रशीदभाई म्हणाले. "सहाशे पंच्याहत्तर पट. आपल्याला हजार पाहिजे, ताई. हजार असेल तर बोला."

"हजार कशाला रे?" आपा म्हणाल्या. "आत्ता हाय त्यातच पाहुणे डोळा लावतात अन् म्हणतात, आपा, कायबी दिसत नाय. मग जेवायला समोर जातात. मी चाळीस रोट्या थापून बसलेली असते."

शेठनी काचेच्या कपाटातून दोन पूर्णांक तीनचा आयपीस काढला. मी नोकरीला लागायच्या आधीपासून तो तिथं पडून होता. "हा घ्या. बार्लो लावा. हजाराच्या वर जातो."

"जातो," मी म्हणाले. "पण दिसत काही नाही."

"सुजाताबाई!"

"आपा, पिठाचा गोळा तेवढाच असला आणि रोटी परातीएवढी थापायला गेलात तर काय होईल?"

"भोकं पडतील."

"आरसा म्हणजे तो गोळा. तुमचा आरसा एकशे चौदा मिलिमीटरचा आहे. त्याच्या दुपटीपर्यंत थापायचं, म्हणजे दोनशे अठ्ठावीस पट. त्याच्या पुढं भोकं." पत्रकात हेच लिहिलं होतं. 'आरशाच्या दुप्पट पट वापरा!!!' याही वाक्याला तीन उद्गारचिन्हं होती. "दुर्बिणीबरोबर आलेला चारचा आयपीस वापरा. तोच योग्य."

शेठनी पत्रकाची घडी घातली. "बाईंना गिऱ्हाईकासमोर मला खोटं पाडायचंय. ठीक. गच्चीवर चला. तुझा चारचा, माझा हजारचा. आपांनी बघायचं. त्यांनी तुझा निवडला तर पत्रक राहील, वर मी छापून देतो. माझा निवडला तर सगळी पत्रकं रद्दीत, आणि उद्यापासून काउंटरवर तू बॉक्सवरचा आकडा बोलायचा. हसून."

हसून, हे मला लागलं. बॉक्सवरचा आकडा बोलायचा म्हणजे रोज दहा माणसांशी खोटं बोलायचं. ते मला जमणार नव्हतं, आणि दुसरी नोकरी हातात नव्हती.

"मंजूर," मी म्हणाले. "पण आकडे झाकून. कुठला कुठला, ते फक्त मला ठाऊक."

"अन् मधे एक तिसरा पण टाका," रशीदभाई म्हणाले. त्यांना मजा यायला लागली होती. मी नऊचा उचलला. फक्त संख्या भरायला.

आयपीसवरच्या आकड्यांवर काळी टेप लावली. दुर्बीण जिन्यानं वर नेली. दिवाळी नुकतीच झाली होती, दिवसा ऊन अजून तापत होतं. साडेसहाला अंधार पडला, तसा समोरच्या मोबाइल टॉवरच्या डाव्या हाताला शनी दिसायला लागला. शेजारच्या गोदामाच्या पत्र्यातून ऊब येत होती. मी चप्पल काढली होती, तर तळपायाला गच्ची गरम लागली. हे मला जाणवलं, पण त्याचा अर्थ कळला नाही.

आधी हजारचा लावला. शनी सापडायलाच दहा मिनिटं गेली. पट वाढली की आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो आणि पृथ्वी फिरते म्हणून तो तुकडा पळतो. आपांनी डोळा लावला.

"आला... गेला."

पुन्हा आणला.

"गेला की. काय होतं ते? पावसात काचेतून दिवा बघावा तसं."

शेठ आभाळाकडं बघत राहिले. त्यांना आभाळात पहिल्यांदाच इतका रस आला होता.

मग माझा चारचा. मी फोकस केला, मनात पत्रकाची दुसरी आवृत्ती छापली आणि बाजूला झाले.

"मोठा हाय," आपा म्हणाल्या. "पण थरथरतोय. उकळत्या पाण्यात वाटाणा टाकल्यावाणी."

"नीट बघा, आपा."

"नीटच बघायलेय. तोच नीट ऱ्हायना."

मी स्वतः बघितलं. वाटाणा. उकळता.

तिसरा लावला. आपांनी वाकून डोळा लावला. मग म्हणाल्या, "या अल्लाह. ह्याला तर कडं हाय!" डोळा काढला, वर बघितलं, पुन्हा डोळा लावला. "बारीकच हाय, पण कसं कोरल्यावाणी! ए मुली, आत चित्र तर चिकटवलं नाय ना?"

रशीदभाईंनी बघितलं. शेठनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं, आणि रशीदभाईंनी दोनदा खाकरेपर्यंत ते हललेच नाहीत.

"हा द्या," आपा म्हणाल्या. "हेच दाखवीन पाहुण्यांना. मग बघते कोण समोर जेवायला जातं."

"कोणता हा?" शेठनी विचारलं. "टेप काढ."

तिसराही मी काढून घेतला होता, तिन्ही आयपीस माझ्या कुर्त्याच्या खिशात होते. अंधार होता. चारचा काढून दाखवला असता तर पत्रक वाचलं असतं, शेठ हरले असते आणि आयुष्यभर कुणाला कळलं नसतं. एवढंच नाही, रशीदभाईंना नऊचाच बांधून देताही आला असता. मी हे सगळं इतक्या बारकाईनं सांगते आहे, कारण तेव्हा मी ते तितक्याच बारकाईनं ठरवलं होतं. खिशात बोटं चारच्यावर गेलीही होती.

मग नऊचा काढला आणि टेप सोलली.

"नऊ," शेठनी वाचलं. "शंभर पट. म्हणजे माझा नाही." त्यांनी आयपीस माझ्या हातात ठेवला. "आणि तुझाही नाही."

"दोघं पण आउट!" रशीदभाईंनी टाळी वाजवली.

चूक कुठं झाली, ते जिना उतरताना लक्षात आलं. तापलेल्या गच्चीवरची हवा हलत असते आणि दुर्बीण तिचं हलणंही मोठं करून दाखवते. आरसासुद्धा दुकानातल्या उकाड्यातून थेट वर आणलेला, त्याला निवायला तासभर लागतो. दुपटीचा नियम खोटा नव्हता. ती वरची हद्द होती आणि मी ती मुक्कामाची जागा म्हणून छापली होती. पत्रक मी वाचनालयात पंख्याखाली बसून लिहिलं होतं. त्यात हवा लिहायचीच राहिली.

"आता पत्रकाचं काय?" मी विचारलं.

"राहू दे," शेठ म्हणाले. ते फार खुशीत होते. "पण चुकीचं पत्रक माझ्या दुकानातून जाणार नाही. प्रत्येक प्रत दुरुस्त करायची. हातानं. काउंटरवर बसून, गिऱ्हाईकासमोर. आणि ती उद्गारचिन्हं कमी कर. ओरडल्यासारखं वाटतं."

आठवडाभर मी खोडत बसले. 'दुप्पट पट वापरा' वर काट, त्यापुढं 'शंभरपासून सुरू करा, हवा स्थिर असेल तरच वाढवा.' गिऱ्हाईकं विचारायची, काय खोडताय? मी सांगायची. कांतीशेठ ऐकायचे आणि मधेच, "बाईंची चूक झाली बरं का," असं प्रेमानं जोडायचे. बॉक्सवरचा आकडा बोलायला मात्र त्यांनी मला पुन्हा सांगितलं नाही. स्वतःही बोलले नाहीत.

शेवटची प्रत खोडून झाली त्या दिवशी रशीदभाईंचा फोन आला.

"ताई, इथं थंडी पडलीय. आपांनी दुर्बीण संध्याकाळपासून अंगणात ठेवली अन् गंमत म्हणून जुना चारचा लावला. काय कडं दिसतंय! त्यात काळी रेघ पण दिसते. तुमचं पत्रक बरोबर होतं की हो!"

मी फोन ठेवला आणि शेठना सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

"मग लिही पुन्हा," ते म्हणाले, आणि आपल्या खिशातलं पेन माझ्याकडं सरकवलं. "पण या वेळी आधी फर्दापूरला जाऊन ये."