बशीरचाचा आणि बाजूला काढलेली पिल्लं

बशीरचाचा पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून बघायचे. डाव्या तळहातावर पिल्लू घ्यायचं, उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्याच्या काडीएवढ्या तंगड्या धरायच्या आणि दाढीच्या वर, डोळ्याखालच्या मऊ जागेवर टेकवायच्या. डोळे मिटून क्षणभर थांबायचे. पाय गार लागले तर पिल्लू परत बल्बखाली जायचं आणि बल्बची वायर वीतभर खाली यायची. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. केडगावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडत होते, शेजारचं दार सताड उघडं होतं आणि आत एक म्हातारा डोळे मिटून बसला होता. नमाज चालू असेल असं समजून मी पावलं न वाजवता आत गेले.

तासाभराने ते स्वतःच दारात आले. "मॅडम, एक विनंती हाय. कुकर ह्या भिंतीकडं लावू नका. पलीकडं पिल्लं हायेत. शिट्टीनं दचकली की एका कोपऱ्यात एकमेकांवर चढत्यात, आन् खालचं गुदमरतं." मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बदली होऊन आले होते, एकटी होते, गावात ओळखीचं कुणी नव्हतं. मी हो म्हटलं आणि पुढचं दीड वर्ष वरण पातेल्यात शिजवलं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढची खोली पिल्लांची. पत्र्याचा गोल वेढा, खाली साळीचा भुसा, पहिले काही दिवस त्यावर वर्तमानपत्र, वर टोपलीत लटकवलेला बल्ब. मागच्या खोलीत ते आणि हलीमाचाची. पाहुणा आला तर त्याला ओट्यावर बसवायचे. चाचींची त्याबद्दल तक्रार नव्हती. निदान मी ऐकली नाही. त्या चहा देताना फक्त म्हणायच्या, "आमच्या बैठकीत जागा न्हाई बाई, तिथं मंडळी बसल्यात."

पिल्लं आली की पहिलं काम पाणी दाखवायचं. पसरट ताटलीत कोमट पाणी, त्यात गुळाचा खडा विरघळवलेला. प्रत्येक पिल्लू उचलायचं, त्याची चोच पाण्यात टेकवायची, लगेच वर घ्यायची. पिल्लू मान वर करून गिळायचं. गिळलं की चाचा त्याला खाली सोडायचे. एकही सुटता कामा नये. मी एकदा विचारलं, ती आपणहून नाही का पीत? "आई असली तर ती दाखवती," ते म्हणाले. "ही मशिनीतनं निघाल्याली. ह्यांना पानी कुनी दाखवायचं? काही तर पान्यात उभी राहून तहानेनं मरत्यात."

ही पिल्लं कुठून येतात ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं. चाचा सकाळी सायकलवर जायचे आणि कॅरिअरला खोकं बांधून यायचे, इतकंच दिसायचं. मग एका रविवारी ओट्यावर बसून त्यांनीच सांगितलं.

नगरजवळच्या एका हॅचरीत त्यांची सगळी नोकरी गेली. अंड्यांवरच्या कोंबड्यांची पिल्लं तिथे निघायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली की चाचांच्या पुढ्यात ट्रे यायचे. पिल्लाचा पंख बोटाने उघडायचा आणि पिसांची ओळ बघायची. मादी एका बाजूला, नर दुसऱ्या बाजूला. माद्या गाडीत बसून पोल्ट्रीवाल्यांकडे जायच्या. नर अंडी देत नाही आणि त्या जातीच्या नराला मांसही धरत नाही. काही नर रंगवून आठवडी बाजारात विकायला जायचे. बाकीचे गोणीत.

"गोनीचं तोंड मीच बांधायचो," चाचा म्हणाले. "एका नजरंत कळायचं मला. माझी चूक कधी निघाली न्हाई. मालक बाहेरच्या मानसांना दाखवायचा, हा बघा आमचा बशीर. पंख उघडला की सांगतो."

त्यांनी दुसरं काम मागितलं होतं का, असं मी विचारलं. मागितलं होतं. मालक म्हणाला होता, तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. मग त्यांनी पुन्हा मागितलं नाही. "घर चालवायचं हुतं," ते म्हणाले.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात ते सायकलवर बसून तिथे परत गेले. जुन्या ओळखीच्या पोरांनी गोणी उघडू दिली. वरच्या थरातली जी हलत होती ती त्यांनी खोक्यात घातली. तेव्हापासून हे चालू होतं. आळीतले लोक हसायचे. नर पिल्लं पाळून मिळणार काय? अंडं नाही, धड रस्सा नाही. चाचा मोठे झालेले कोंबडे मागेल त्याला देऊन टाकायचे. माणूस ते कापणार हे त्यांना माहीत असायचं. मला ते विचित्र वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"कापला तरी माझी हरकत न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "पन त्यानं एकदा उनात उभं राहून आरवावं. मग काय व्हायचं ते होऊ द्या."

आरवण्यापर्यंत फार थोडी पोचायची. गोणीतला अर्धा दिवस पिल्लांच्या अंगातून जात नसे. पहिल्या तीन दिवसांत निम्मी जायची. चाचा मेलेलं पिल्लू मागच्या शेवग्याखाली पुरायचे आणि प्रत्येकाचं कारण सांगायचे. "ह्याची नाभी ओली हुती." "ह्यानं पानी घेतलं, पन दाना धरला न्हाई." "हे दबलं. माझा डोळा लागला." देवाची मर्जी वगैरे ते कधी म्हणाले नाहीत. मी एकदा समजूत घालायला गेले की एवढी तरी वाचतात ना. ते म्हणाले, "वाचल्याली दिसत्यात, मॅडम. गोन्या दिसत न्हाईत." त्यानंतर मी समजूत घातली नाही.

मला त्यांनी पिल्लांची भाषा शिकवली. सगळी बल्बखाली गर्दी करून बसली म्हणजे थंडी. वेढ्याच्या कडेला पळून चोची उघड्या टाकल्या म्हणजे उकाडा. एकाच बाजूला सरकली म्हणजे कुठून तरी वारा येतोय. आणि दाणे सांडल्यासारखी सगळीकडे पसरून बसली, हळू हळू चिवचिवत राहिली, तर माणसाने जेवून घ्यावं. तसं बसलेलं दिसलं की चाची आतून ताटं आणायच्या.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर चाचांचा खोकला वाढला. खोकला पूर्वीचाच होता, पण आता ओट्याच्या तीन पायऱ्या चढून ते दाराला धरून उभे राहायचे. ओठ काळेनिळे दिसायचे. मी आणि चाची त्यांना नगरच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोंबड्या आहेत का?"

"कोंबड्या न्हाईत साहेब," चाचा म्हणाले. "पिल्लं हायेत."

डॉक्टर तरुण होते, पण नीट बोलले. पिसांची, विष्ठेची भुकटी वर्षानुवर्षं छातीत गेली आहे, फुप्फुसं कडक झाली आहेत. गेलेलं परत येणार नाही. पिल्लं घरातून काढली तर उरलेलं थोडं टिकेल. चाचांनी मान हलवली. घरी आल्यावर चप्पल काढली आणि थेट वेढ्याशी जाऊन बसले.

दोन दिवसांनी चाची माझ्याकडे आल्या. माझ्या खोलीत त्या कधी बसत नसत, त्या दिवशी बसल्या. "बाई, माझं ते ऐकनार न्हाईत. तुमी शिकलेल्या हायेत, तुमचं ऐकतील. कुठं बी न्या ती पिल्लं. मला मानूस पायजे."

मी चाचांशी बोलले. फुप्फुसाचं चित्र काढून दाखवलं, वर्गात काढते तसं. त्यांनी चित्र पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "ह्या येळची लई चांगली हायेत. बारा दिवसांची झाली. तीसच्या वर हायेत. एवढी कधी टिकली न्हवती." शेवटी त्यांनी कागद आणायला सांगितलं.

त्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. अजून दहा दिवस तरी ऊब हवी. जागा गोल हवी, कोपरा नको. पाणी कोमट. भुसा ओला झाला की बदलायचा. लाईट गेली तर टोपलीखाली निखाऱ्याचं मडकं, पण धूर नको. संध्याकाळी प्रत्येकाचे पाय बघायचे. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा.

माझ्या शाळेतल्या राऊत सरांचं गाव काष्टी. तिथे त्यांच्या भावाचा मोठा गोठा होता. सरांच्या गाडीत खोकं ठेवून आम्ही गेलो. चाचा रस्त्यापर्यंत आले नाहीत. सरांच्या भावाने कागद घेतला, वाचला आणि हसला. "लेकरांचं बी एवढं करत न्हाई आमी," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने मला ताजं दूध दिलं, गोठ्याच्या कोपऱ्यात बल्ब लावून दाखवला. तो कोपरा होता हे मला दिसलं. बोलायला हवं होतं. संकोच वाटला, आणि परत निघायची घाई होती.

चौथ्या दिवशी राऊत सर शिक्षकांच्या खोलीत डबा उघडता उघडता म्हणाले, "मॅडम, ती पिल्लं काही राहिली नाहीत. परवा वस्तीवरची लाईट गेली होती, गारठा पडला. सकाळी सगळी एका ठिकाणी ढीग झाली होती." मग त्यांनी मला लोणचं पुढे केलं.

घरी आले तेव्हा चाचा ओट्यावर बसले होते. "काय खबर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चांगली आहेत."

त्यानंतर ते रोज विचारायचे आणि मी रोज सांगायचे. पंख फुटले. उसाच्या बांधावर फिरतात. एक जरा लंगडतं. ते लंगडं मी का घातलं मला कळत नाही. सगळीच धडधाकट सांगितली तर खोटं वाटेल, असं वाटलं असावं. चाचा त्या लंगड्यासाठी उपाय सांगायचे आणि मी ते काष्टीला कळवते म्हणायचे. पुढची खोली चाचींनी चुन्याने रंगवून घेतली होती. तिथे आता खाट होती आणि चाचा दिवसचे दिवस तिच्यावर पडून असायचे. खोकला कमी झाला नाही. त्यांचं उठणं मात्र कमी झालं.

दोन महिने झाले असतील. ते म्हणाले, "मोबाईलवर फोटो तरी दाखवा एखादा." मी एका मैत्रिणीच्या शेतावरच्या पांढऱ्या कोंबड्यांचा फोटो मागवला आणि तो त्यांच्या हातात दिला. चाची आत भाकरी थापत होत्या. चाचांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. बोटाने पडद्यावर एकेक कोंबडी मोजल्यासारखं केलं.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या समद्या माद्या हायेत."

मी मोबाईल परत घ्यायला हात पुढे केला.

"माझे समदे नर हुते."

त्यांनी मोबाईल परत दिला. आत भाकरी थापल्याचा आवाज चालू आहे याची त्यांनी कान देऊन खात्री केली. मग विचारलं, "कितव्या दिशी?"

"दुसऱ्या," मी म्हटलं. "लाईट गेली होती."

"कोपऱ्यात हुती?"

"हो."

त्यांनी मान हलवली, शेवग्याखाली कारण सांगताना हलवायचे तशी. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "तुमी काय नवीन केलं न्हाई. नोकरीत असताना हलीमा मला रोज विचारायची, नरांचं काय करता म्हून. मी सांगायचो, शेतकरी नेत्यात. पाळत्यात." एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. "तिला सांगू नका. तिला वाटतंय तिनं चांगलं केलं."

त्यानंतर त्यांनी पिल्लांचं नाव काढलं नाही. मी रोज जायचे, बसायचे. ते भिंतीकडे तोंड करून असायचे. शेवटच्या दिवसांत ऑक्सिजनची नळी नाकाला होती आणि बोलणं संपलं होतं. एका दुपारी, मी शाळेत असताना, ते गेले. मी पोचले तेव्हा माणसं त्यांना कबरस्तानात घेऊन निघाली होती.

चाची काही महिने एकट्या राहिल्या. मग कोल्हारच्या बहिणीने त्यांना बोलावून घेतलं. मी त्यांना बस स्टँडवर सोडायला गेले. दोन पिशव्या होत्या. गाडीला उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "बाई, तुमी विज्ञान शिकवता. एक विचारू?"

"विचारा."

"ती पिल्लं घरातच राहू दिली असती, तर ते जास्त जगले असते का कमी?"

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते आम्ही दोघींनी ऐकलं होतं. तेच परत सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं आणि मला चुन्याने रंगवलेली ती खोली आणि तिच्यातली खाट दिसली. चाची माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. एवढ्यात गाडी लागली. त्या पुढे चढल्या आणि मी खालून त्यांना पिशव्या दिल्या.